एअर रायफलच्या पेलेटसाठी वजनकाटा: कोणता घ्यावा, कसा तपासावा

माझी मुलगी १० मीटर एअर रायफल खेळते. दोन वर्षांपूर्वी पेलेट्स, म्हणजे या रायफलमधून सुटणाऱ्या शिशाच्या छोट्या गोळ्या, वजन करून निवडायच्या असं आम्ही ठरवलं आणि मी ऑनलाइन एक छोटा वजनकाटा मागवला. रविवारी दिवसभर बसून दोघांनी ५०० पेलेट्सची अख्खी डबी मोजली. जवळजवळ सगळ्या ०.५३ ग्रॅम, मधूनच एखादी ०.५४. डबी एकदम एकसारखी निघाली म्हणून आम्ही खूश झालो. पुढच्या आठवड्यात त्यातल्याच वीस पेलेट्स खिशात घालून कोल्हापूरच्या गुजरीत, म्हणजे सोनारांच्या पेठेत, ओळखीच्या एका सोनारकाकांच्या दुकानी गेलो. त्यांच्या काट्यावर त्याच वीस पेलेट्सनी ०.५२६ पासून ०.५३५ पर्यंतचे आकडे दाखवले. आमचा काटा ग्रॅमच्या शंभराव्या भागापर्यंतच बघू शकत होता. फरक होता त्याच्या पुढच्या घरात. आमचा रविवार वाया गेला होता.

त्यानंतर बरंच वाचलं, काटे दुरुस्त करणाऱ्यांशी बोललो, चार वेगवेगळे काटे घरी आणून पाहिले. कोल्हापुरात नेमबाजीकडे वळणारी मुलं खूप आहेत. तेजस्विनी सावंत, राही सरनोबत आणि २०२४ मध्ये पॅरिस ऑलिंपिकला कांस्यपदक मिळवणारा राधानगरी तालुक्यातल्या कांबळवाडीचा स्वप्नील कुसाळे, एवढी नावं डोळ्यांसमोर असल्यावर नवल नाही. त्या मुलांच्या आईवडिलांचे पैसे चुकीच्या काट्यावर जाऊ नयेत म्हणून हे सगळं सविस्तर लिहितो आहे.

आधी हिशेब: किती बारीक वजन लागतं?

एअर रायफलच्या कागदावर दहाचा ठिपका फक्त अर्ध्या मिलिमीटर व्यासाचा असतो. २०१३ पासून रायफलच्या पात्रता फेरीतही गुण दशांशात धरतात, १०.९ पर्यंत. लागोपाठच्या दोन वर्तुळांमधलं अंतर २.५ मिलिमीटर, म्हणजे ०.१ गुणामागे पाव मिलिमीटर. या पाव मिलिमीटरशी पेलेटच्या वजनाचा संबंध किती, हे आधी कळायला हवं.

साडेचार मिलिमीटरची रायफल पेलेट साधारण ०.५३ ग्रॅमची असते. ती नळीतून सेकंदाला सुमारे १७० मीटर वेगाने सुटते आणि १० मीटरवर पोचायला तिला जवळपास ०.०६ सेकंद लागतात. एवढ्या वेळात गुरुत्वाकर्षणामुळे ती सुमारे १८ मिलिमीटर खाली येते. हवेचा दाब तोच असेल आणि पेलेट १ टक्क्याने, म्हणजे ५ मिलिग्रॅमने, जड असेल तर तिचा वेग साधारण अर्धा टक्का कमी होतो आणि ती आणखी ०.१८ मिलिमीटर खाली लागते. हा फरक ०.१ गुणापेक्षाही कमी आहे.

म्हणून स्पष्ट सांगतो: एक-दोन मिलिग्रॅमच्या फरकाने गुण वाढतात असं कुणी सांगितलं तर विश्वास ठेवू नका. वजन करायचं ते डबीतल्या वेगळ्या निघालेल्या पेलेट्स पकडायला, आठ-दहा मिलिग्रॅमने हलक्या किंवा जड असलेल्या. अशा पेलेटच्या आत बहुतेक काहीतरी गडबड असते, एखादी पोकळी किंवा स्कर्टची, म्हणजे मागच्या पोकळ पातळ भागाची, कमी-जास्त जाडी, आणि ती नुसती खाली न लागता बाजूलाही जाऊ शकते. शिवाय नवा लॉट जुन्याशी जुळतो का, हेही वजनावरून पटकन कळतं.

मुलगा किंवा मुलगी पिस्तूल खेळत असेल तर काट्यावर पैसे घालूच नका. पिस्तुलाच्या कागदावर दहाचं वर्तुळ ११.५ मिलिमीटरचं आहे, वर्तुळांमधलं अंतर ८ मिलिमीटर आणि पात्रता फेरीचे गुण पूर्णांकात. तेच पैसे जास्तीच्या पेलेट्सवर घाला.

ग्रॅम, ग्रेन आणि गुंज

नेमबाजीचा काटा म्हणून शोधलं की ऑनलाइन जे काटे दिसतात, त्यातले बरेच परदेशात घरी काडतुसं भरणाऱ्यांसाठी बनवलेले असतात. काडतुसात भरायची दारू मोजायला ते चांगले असतात, पण त्यांचं एकक ग्रेन आहे आणि बहुतेकांची सर्वात लहान पायरी ०.१ ग्रेनची असते. एक ग्रेन म्हणजे ६४.८ मिलिग्रॅम, त्यामुळे ती पायरी साडेसहा मिलिग्रॅमची झाली. आपल्याला साधारण तेवढाच फरक पकडायचा आहे, तेव्हा हा काटा आपल्या कामाचा नाही. खोक्यावर नेमबाजाचं चित्र आहे म्हणून घेऊ नका.

आपलं काम मिलिग्रॅमचं, म्हणजे ०.००१ ग्रॅमच्या पायरीचं. सोनाराचं कामही तिथेच चालतं आणि आपलं नशीब असं की गुजरी हाकेच्या अंतरावर आहे. जुन्या हिशेबात तोळ्याच्या ९६ गुंजा, त्यामुळे आपली पेलेट सव्वाचार गुंजांहून जराशी जड. एवढंसं वजन रोज नेमकं मोजणारी माणसं गावात असताना काट्याची पारख दुसरीकडे शिकायची गरज नाही.

काटे कोणत्या जातीचे

पहिला खिशातला मिलिग्रॅम काटा. क्षमता २० किंवा ५० ग्रॅम, पायरी ०.००१ ग्रॅम, सोबत छोटी ताटली, चिमटा आणि एक-दोन वजनं. आत लोड सेल असतो, म्हणजे वजनाने किंचित वाकणारी धातूची पट्टी. ती वाकली की तिच्यावरच्या तारेचा विद्युतरोध बदलतो आणि आकडा दिसतो. हे स्वस्त असतात आणि चांगला नग मिळाला तर आपल्या कामाला पुरेसे असतात. अडचण एकच, त्यांची प्रत सारखी नसते. एकाच ठिकाणी घेतलेल्या दोन काट्यांपैकी एक उत्तम आणि दुसरा टाकाऊ निघालेला मी पाहिला आहे.

दुसरा सोनारांचा टेबलावरचा काटा. क्षमता दोनशे-तीनशे ग्रॅमपासून पुढे, काचेचं झाकण, खाली पातळी दाखवणारा बुडबुडा आणि उंची जुळवायचे पाय. यातल्या चांगल्या काट्यांमध्ये लोड सेलऐवजी चुंबकाची यंत्रणा असते. वजनाने खाली जाऊ पाहणारी ताटली विजेच्या जोरावर जागच्या जागी धरून ठेवायची आणि त्यासाठी किती वीज लागली त्यावरून वजन काढायचं. हे काटे महाग, पण स्थिर. एका घरासाठी मी घेणार नाही. चार-पाच मुलांच्या आईवडिलांनी मिळून किंवा क्लबने घेतला तर मात्र नक्की घ्यावा.

तिसरा दोन पारड्यांचा तराजू, कॉलेजच्या रसायनशाळेत काचपेटीत असायचा तसा. अचूकतेला कमी नाही, पण ५०० पेलेट्स त्यावर मोजायच्या तर आठवडा जाईल.

दहा हजारावा भाग दाखवणारे प्रयोगशाळेचे काटेही मिळतात. आपल्याला त्यांचा उपयोग शून्य आहे. वर केलेला हिशेब एकदा पुन्हा बघा.

पाटीवर काय वाचायचं

काट्याच्या पाटीवर इंग्रजी ‘डी’ आणि ‘ई’ अशी दोन अक्षरं असतात. ‘डी’ म्हणजे पडद्यावर दिसणारी सर्वात लहान पायरी. ‘ई’ म्हणजे व्यापारासाठी पडताळणी करताना ग्राह्य धरलेली पायरी. सोनाराच्या काट्यावर ‘डी’ ०.००१ ग्रॅम आणि ‘ई’ ०.०१ ग्रॅम असं बऱ्याचदा दिसतं, आणि अशा काट्यांवर शेवटचा आकडा चौकटीत किंवा वेगळा दाखवलेला असतो. मिलिग्रॅमचा आकडा फक्त अंदाजाला आहे, असा त्याचा अर्थ. खिशातल्या काट्यावर बहुतेक वेळा ‘ई’ लिहिलेलंच नसतं, कारण तो व्यापारासाठी नाही. व्यापारात वापरायच्या काट्यावर वैधमापन शास्त्र विभागाचा शिक्का लागतो, घरी पेलेट मोजायला लागत नाही.

माहितीपत्रकात दोन शब्द शोधा. पहिला पुनरावृत्ती, म्हणजे तीच वस्तू पुन्हा पुन्हा ठेवल्यावर तोच आकडा येतो का. दुसरा रेषीयता, म्हणजे अर्ध्या ग्रॅमला आणि वीस ग्रॅमलाही काटा सारखाच खरा आहे का. आपल्या कामात पहिला शब्द जवळजवळ सगळं आहे, दुसऱ्याला फार किंमत नाही. कारण पेलेटचं खरं वजन आपल्याला नकोच आहे. काटा प्रत्येक पेलेटला एक मिलिग्रॅम जास्त दाखवत असेल तर काही बिघडत नाही, सगळ्यांनाच जास्त दाखवतो. पण एकीला जास्त आणि दुसरीला कमी दाखवला की निवड गेली.

दुकानात करायची परीक्षा

ही परीक्षा सोनारकाकांनी शिकवली. ती न करता पैसे देऊ नका. ऑनलाइन घेतला असेल तर परत करायची मुदत संपायच्या आत घरी करा.

सोबत एकच चांगली पेलेट न्या. काटा चालू करून पंधरा-वीस मिनिटं तसाच ठेवायला सांगा. दुकानदार कंटाळेल, पण काट्यातले भाग गरम होऊन स्थिरावल्याशिवाय आकड्याला अर्थ नसतो. मी पहिल्यांदा काकांच्या काट्यावर शेवटचा आकडा सतत बदलताना बघून म्हटलं, ‘काका, हा बिघडलाय का?’ ते म्हणाले, ‘अहो, वाऱ्यानं नाचतंय ते. आधी पंखा बंद करा, मग काट्याला नावं ठेवा.’ पंखा बंद केला आणि आकडा थांबला.

आता शून्य करा. पेलेट ताटलीच्या मध्यावर ठेवा, आकडा थांबू द्या, लिहून घ्या. उचला, शून्य येऊ द्या, पुन्हा ठेवा. असं दहा वेळा. समजा आकडे ०.५३०, ०.५३१, ०.५३१, ०.५३०, ०.५३१ असे आले तर काटा चांगला. सगळ्यात मोठ्या आणि लहान आकड्यात २ मिलिग्रॅमचा फरक असला तरी चालवून घ्या, त्याहून जास्त असेल तर तो काटा ठेवून दुसरा नग मागा. दर वेळी उचलल्यावर काटा शून्यावर परत येतो का, हेही बघा. ०.००२ वर अडकून बसणारा काटा पुढे त्रास देतो.

मग तीच पेलेट ताटलीच्या चारही कडांना ठेवून बघा. कडेला आकडा बदलत असेल तर काटा लगेच नाकारू नका, पण घरी दर वेळी मध्यावरच ठेवायची शिस्त लागेल हे लक्षात घ्या. छोट्या ताटलीच्या मध्यभागी मार्कर पेनने ठिपका काढून ठेवला की ही शिस्त सोपी जाते.

आणखी एक गोष्ट बहुतेकांना माहीत नसते. स्वस्त काटे शून्याच्या आसपास स्वतःहून शून्य धरतात. तापमानामुळे आकडा सरकला तर तो लपवायला ही सोय असते, पण तिच्यामुळे छोटे खरे बदलही काटा गिळतो. यावर उपाय सोपा आहे. ताटलीवर १० ग्रॅमचं वजन ठेवा, त्यावर शून्य करा आणि मग त्याच्या शेजारी पेलेट ठेवून मोजा. काटा शून्यापासून दूर काम करतो आणि त्याची ही खोड मध्ये येत नाही. दहा वेळांची परीक्षा अशीही एकदा करून बघा. माझ्या सध्याच्या काट्यावर फरक निम्म्यावर आला, आणि तेव्हापासून आम्ही असंच मोजतो.

पारखायचं वजन

काट्यासोबत २० ग्रॅमचं वजन येतं आणि पुस्तिकेत लिहिलेलं असतं की त्याने काटा जुळवा. ते वजन स्वतः किती खरं आहे हे कुठेच लिहिलेलं नसतं. तरी घाबरू नका. वीस ग्रॅममध्ये १० मिलिग्रॅमची चूक असली तर आपल्या अर्ध्या ग्रॅमच्या पेलेटवर तिचा परिणाम पाव मिलिग्रॅमच्या आसपास होतो, आणि तोही सगळ्या पेलेट्सवर सारखाच.

वेगळं विकत घ्यायचं ते ५०० मिलिग्रॅमचं एक वजन. ते पेलेटच्याच वजनाच्या जवळचं आहे म्हणून. वजनांचे दर्जे असतात. ५०० मिलिग्रॅमला एम-१ दर्जात ०.८ मिलिग्रॅमपर्यंत चूक चालते, एफ-२ मध्ये ०.२५ मिलिग्रॅमपर्यंत. एफ-२ घ्या. पत्र्याच्या लहान तुकड्यासारखं दिसतं आणि हरवायला फार सोपं असतं, म्हणून डबीतच ठेवा आणि चिमट्यानेच उचला. बोटाचं तेल लागलं की वजन बदलतं.

काटा घरी आणल्यावर एकदा तरी जुळवायचाच, दुकानात जुळवून दिला असला तरी. गुरुत्वाकर्षण सगळीकडे सारखं नसतं. जर्मनीत ते ९.८१ च्या आसपास आहे, आपल्या कोल्हापुरात, समुद्रसपाटीपासून साडेपाचशे मीटरच्या वर, ९.७८ च्या आसपास. तिथे जुळवलेला काटा न जुळवता इथे वापरला तर पेलेटचं वजन दीडेक मिलिग्रॅम कमी दिसेल. निवडीला अडचण येणार नाही, पण डबीवर छापलेल्या वजनाशी ताळा बसणार नाही आणि उगाच शंका येईल.

घरात जागा कुठे

काट्याखालची जागा हलता कामा नये. टेबल नको, विशेषतः ज्यावर कोणी अभ्यासाला टेकतं ते. आम्ही पोटमाळ्यावर पडलेला कडप्प्याचा तुकडा खाली जमिनीवर ठेवला आणि त्यावर काटा. शिवाजी उद्यमनगराला लागून राहणाऱ्या माझ्या एका मित्राकडे शेजारच्या शेडमधलं लेथ चालू झालं की आकडा थांबेना. त्याने शेवटी रविवारची सकाळ निवडली, तेव्हा शेड बंद असतं.

पंखा बंद, खिडकी बंद. एप्रिल-मेमध्ये हे सोसणारं नाही, म्हणून पहाटे बसा. श्वास थेट काट्यावर सोडू नका. काट्याला झाकण नसेल तर प्लास्टिकचा पारदर्शक डबा उलटा करून वापरता येतो, पण कोरड्या थंडीत प्लास्टिकवर स्थिर वीज साठते आणि ताटली ओढली जाते. ओल्या फडक्याने डबा एकदा पुसला की काम होतं. मोबाइल दूर ठेवा. कॉल येताना काही काट्यांचा आकडा उड्या मारतो. पावसाळ्यात काटा सिलिका जेलच्या पुडीसह डब्यात ठेवा, नाहीतर जुलै-ऑगस्टच्या दमटपणात बॅटरीच्या कप्प्यातल्या पट्ट्या गंजतात. बॅटरी संपत आली की आकडे भरकटतात, म्हणून मोजायला बसण्याआधी नव्या घाला.

मोजायची पद्धत

आधी डोळ्यांनी निवडा. स्कर्ट वाकडा, डोकं चेपलेलं किंवा कडेला शिशाचा कीस असलेल्या पेलेट्स वजनापर्यंत येऊच देऊ नका. निम्मं काम इथेच होतं, आणि काट्याशिवाय होतं.

मग डबी नीट हलवून पन्नास पेलेट्स काढा आणि मोजून आकडे वहीत लिहा. कोणता आकडा सगळ्यात जास्त वेळा येतो ते दिसेल. समजा ०.५३१. मग त्याच्या दोन्ही बाजूंना तीन-तीन मिलिग्रॅमपर्यंतच्या पेलेट्स स्पर्धेसाठी, त्याबाहेरच्या सरावासाठी आणि आठ मिलिग्रॅमच्या पलीकडच्या बाजूला काढायच्या, अशी वाटणी करा. त्याहून बारीक गट पाडू नका. काट्याची स्वतःचीच चूक एक-दोन मिलिग्रॅमची असताना एकेका मिलिग्रॅमचे गट म्हणजे नुसता खेळ. पन्नासातच निम्म्या बाहेर पडल्या तर तो लॉट स्पर्धेला वापरायचा नाही, बाकीच्या साडेचारशे मोजत बसायचं नाही.

दर पन्नास पेलेट्सनंतर ५०० मिलिग्रॅमचं वजन ठेवून बघा. सुरुवातीला जो आकडा होता त्यापेक्षा २ मिलिग्रॅम सरकला तर थांबा, शून्य करा आणि मागच्या पन्नास पुन्हा मोजा. जिवावर येतं, पण इथे टाळाटाळ केली तर वहीतल्या आकड्यांचा भरवसा राहत नाही.

लोखंडी चिमटा वापरू नका, मऊ शिशाच्या स्कर्टला त्याचा ओरखडा येतो. प्लास्टिकचा चिमटा चांगला.

आणि पेलेट शिशाची आहे हे विसरू नका. स्वयंपाकाच्या ओट्यावर काटा ठेवायचा नाही, मोजताना काही खायचं-प्यायचं नाही, संपल्यावर साबणाने हात धुवायचे आणि कडप्पा ओल्या फडक्याने पुसायचा. ते फडकं घरातल्या दुसऱ्या कशाला वापरायचं नाही. घरात लहान बाळ असेल किंवा कोणी गरोदर असेल तर हे काम नेमबाजीच्या रेंजवर किंवा गच्चीवरच्या खोलीत करा. आमच्याकडे या कामाचे टॉवेल आणि ताटली वेगळ्या रंगाचे आहेत, म्हणजे पाहुणे आले तरी चुकून स्वयंपाकघरात जात नाहीत.

निवडलेल्या पेलेट्स ठेवायला प्रत्येकीला वेगळा खळगा असलेला ट्रे घ्या. ते काम अंड्यांच्या ट्रेवर भागवायला जाल तर पेलेट्स एकमेकींवर आपटून पुन्हा वाकतील. स्पर्धेच्या दिवशी ६० पेलेट्स गुणांच्या आणि वीसएक सरावाच्या, अशा दोन ट्रे भरून झाकणावर लॉट नंबर आणि मोजल्याची तारीख लिहितो. पुण्याला बालेवाडीला स्पर्धेसाठी जाताना ट्रे बॅगेत आडवे, कपड्यांच्या मध्ये असतात. काटा घरीच राहतो.